सम्राट पुढे, शहर मागे: रोमन प्रांतिक नाणी कशी वाचावीत

रोमन नाणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चांदीचा दिनारियस येतो. पुढे सम्राटाचा चेहरा, भोवती लॅटिन मुद्रालेख, मागे एखादी देवता. पण साम्राज्याच्या पूर्व भागात बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या हातात रोज खेळायचं ते नाणं वेगळं असायचं. बहुधा कांस्याचं, ग्रीक अक्षरांचं आणि त्याच्या स्वतःच्या शहरानं पाडलेलं. इ.स.पू. ४४ च्या सुमारापासून इ.स. २९६-२९७ पर्यंत सहाशेहून अधिक शहरांनी अशी नाणी पाडली. आज त्यांना रोमन प्रांतिक नाणी म्हणतात.

नवख्या माणसाला ही नाणी घाबरवतात. लिपी अनोळखी, शहरं अनोळखी, चेहरे झिजलेले. एकदा क्रम बसला की मात्र रोमच्या नाण्यांपेक्षा हीच जास्त बोलकी वाटतात. तो क्रम मला तुकड्यातुकड्यानं, वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावा लागला. इथे एकत्र देते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या नाण्यांत रोमविरुद्धचं बंड शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हात रिकामे राहतील. सापडेल ती शेजारच्या शहराशी चाललेली चुरस, आणि त्या चुरशीत सम्राटाचं नाव कसं वापरून घेतलं त्याची हकिगत. बंडाचीही काही नाणी आहेत, ती पुढे येतील.

लागणारं साहित्य

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर
- हलवता येणारा टेबल लॅम्प. प्रकाश वरून पडू देऊ नका. बाजूनं, जवळजवळ आडवा पडू द्या. पुसट अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात.
- मोठ्या अक्षरांतली ग्रीक वर्णमाला, छापून भिंतीला लावलेली
- एक वही
- इंटरनेट: मुख्यतः ऑक्सफर्ड विद्यापीठाचं 'आरपीसी ऑनलाइन' (आरपीसी म्हणजे रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज), आणि थ्रेस, मोइसिया या बाल्कनमधल्या भागांसाठी 'कॉर्पस नुमोरम'. दोन्ही मोफत.

नाणं स्वतःजवळ असलंच पाहिजे असं नाही. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कची अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी यांच्या संग्रहांची छायाचित्रं ऑनलाइन आहेत, सरावाला ती पुरतात. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने विकत काही घेऊच नका.

## १. आधी नाणं पालथं करा

रोमच्या टाकसाळीचं नाणं ओळखताना सुरुवात चेहऱ्यापासून होते. इथे उलट करायचं. मागची बाजू आधी बघा, कारण शहराचं नाव बहुधा तिथेच असतं, आणि शहर कळल्याशिवाय बाकी काहीच लागत नाही. हेड्रियनचा चेहरा शेकडो शहरांनी वापरला. 'हेड्रियनचं नाणं' एवढ्यावर शोध पुढे सरकणार नाही.

शहराचं नाव सहसा 'अमुक लोकांचं' अशा रूपात येतं: एफेसिओन म्हणजे एफेससकरांचं, स्मिर्नाइओन म्हणजे स्मिर्नाकरांचं. म्हणून मुद्रालेखात 'ओन' असा शेवट कुठे येतो ते शोधा. हा शेवट सापडला की त्याच्या आधीची अक्षरं हे तुमचं शहर. बिरुदांचाही शेवट तसाच होतो, त्यामुळे दोन-तीन 'ओन' सापडले तर गोंधळू नका. त्यांतलं एक शहर असतं.

मुद्रालेख लॅटिन असेल तर ते शहर बहुधा रोमन वसाहत, म्हणजे निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं किंवा तो दर्जा मिळालेलं. तिथे सी-ओ-एल ही तीन अक्षरं शोधा. सीझरनं इ.स.पू. ४४ मध्ये पुन्हा वसवलेलं कॉरिंथ हे याचं ठळक उदाहरण. ग्रीसच्या ऐन मध्यात असूनही त्याच्या नाण्यांवर लॅटिन आहे. मागच्या बाजूला मात्र पंखांचा घोडा पेगॅसस, कॉरिंथचा जुना आणि अस्सल ग्रीक.

सुरुवातीला सरावासाठी मी विमिनाकियुमची नाणी सुचवीन. आजच्या सर्बियातलं कोस्टोलाक ते हेच. गॉर्डियन तिसऱ्यानं इ.स. २३९ मध्ये त्याला वसाहतीचा दर्जा दिला. नाणी मोठी आहेत, लॅटिनमध्ये आहेत, मागे बैल आणि सिंह यांच्यामध्ये उभी स्त्री, आणि खाली चक्क वर्षाचा आकडा. बैल आणि सिंह ही त्या प्रांतातल्या दोन लीजनांची, म्हणजे रोमन सैन्यदलांची, सातव्या क्लाउडियाची आणि चौथ्या फ्लाव्हियाची चिन्हं. शहर स्वतःची ओळख म्हणून छावणीची चिन्हं मिरवतंय, कारण छावणीमुळेच ते वाढलं.

## २. अक्षरांची फसवणूक

ग्रीक येत नसलं तरी चालतं. मोठी चोवीस अक्षरं ओळखता आली की पुरे. त्रास नव्या अक्षरांचा होत नाही, ओळखीच्या वाटणाऱ्यांचा होतो. इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं. सी सारखं दिसणारं 'स' असतं, कारण या काळात सिग्मा अर्धचंद्रासारखा कोरत. एच म्हणजे दीर्घ 'ए', एक्स म्हणजे 'ख'. डब्ल्यूसारखं गोलसर अक्षर हा ओमेगा. ही पाच एका कागदावर वेगळी लिहून समोर ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

नेहमी भेटणारे काही शब्द पाठ करून टाका:

- आउतोक्रातोर, बहुधा फक्त 'आउत' किंवा 'आउ': सम्राट
- काइसार, अनेकदा नुसतं 'क': सीझर
- सेबास्तोस: ऑगस्टस. सेबास्ते असेल तर चेहरा सम्राज्ञीचा.
- एपी: 'अमुकाच्या कारकिर्दीत'. यापुढे येणारं नाव स्थानिक अधिकाऱ्याचं किंवा राज्यपालाचं.
- नेओकोरोन (मूळ शब्द नेओकोरोस): सम्राटपूजेच्या मंदिराचा मान असलेलं शहर
- होमोनोइया: दोन शहरांमधला सलोखा

## ३. शहर स्वतःला कशातून ओळखतं ते पाहा

आता चित्राकडे या. इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे.

प्रत्येक शहराला आपण कोण हे बोटभर चकतीवर सांगायचं होतं. कॅपाडोकियातल्या सीझरियानं, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या कायसेरीनं, आपला डोंगर निवडला. शहरामागे उभा असलेला अर्गाइओस, आजचा एर्जियेस, त्यांच्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा येतो. कधी नुसता, कधी शिखरावर देव घेऊन, कधी वेदीवर ठेवलेल्या देवासारखा. अँटिओकनं आपली नगरदेवता तिखे निवडली. ती खडकावर बसलेली आणि पायाशी ओरोंतेस नदी पोहणाऱ्या तरुणाच्या रूपात. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या अब्देरानं तर कमाल केली. टायबेरियसच्या काळातल्या त्यांच्या नाण्यावर देवळाचे मधले दोन खांब म्हणजे उभे ट्यूना मासे! शहर मासेमारीवर जगत होतं. ते सांगायला याहून थेट रस्ता कुठला?

काहींनी माणसं निवडली. स्मिर्ना आणि खिओसनं महाकवी होमर, मितिलिनीनं कवयित्री सॅफो, हॅलिकार्नाससनं इतिहासकार हेरोडोटस, निकाइयानं तारे मोजणारा हिपार्कस. होमर नेमका कुठला, हा वाद फार जुना आहे, आणि नाणं हे त्या वादातलं एक हत्यार होतं.

फ्रिजियातल्या अपामेयाची गोष्ट सर्वांत वेगळी. या शहराला किबोतोस, म्हणजे पेटी, असं टोपणनाव होतं. तिथे ज्यू लोकांची वस्ती होती. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापासून अपामेयाच्या काही नाण्यांवर पेटीत उभं असलेलं जोडपं दिसतं, वर पक्षी, फांदी घेऊन येणारं कबूतर, आणि पेटीवर तीन ग्रीक अक्षरं: नोए. बायबलमधला नोहा, मूर्तिपूजक शहराच्या नाण्यावर, पुढे रोमन सम्राट. ही नाणी दुर्मीळ आहेत, पण छायाचित्र जरूर शोधून पाहा.

सिरियातल्या एमेसाच्या, आजच्या होम्सच्या, नाण्यांवर देव म्हणून दिसतो तो एक शंकूसारखा अनघड दगड आणि त्यावर किंवा त्याच्यासमोर बसलेला गरुड. सायप्रसमधल्या पाफोसची ॲफ्रोडाइटी अशीच दगडाच्या रूपात देवळात बसलेली. पाश्चात्त्य अभ्यासकांना हे समजावून सांगायला पानं खर्च करावी लागतात. आपल्याला 'तांदळा' म्हटलं की कळतं. एमेसाच्या दगडाचा पुजारी असलेला मुलगा इ.स. २१८ मध्ये एलागाबालस नावानं ओळखला जाणारा सम्राट झाला आणि दगड घेऊन थेट रोमला गेला. तिथल्या लोकांना तो मुळीच रुचला नाही.

इथे एक सावधगिरी. चित्र स्थानिक म्हणून सगळंच स्थानिक असं समजू नका. जर्मन अभ्यासक कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की आशिया मायनरमधली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, अनेक शहरं एकाच कारागिराकडून किंवा कार्यशाळेतून ठसे करून घेत. सम्राटाच्या चेहऱ्याचा तोच ठसा दोन-तीन शहरांच्या नाण्यांवर सापडतो. त्यामुळे चेहऱ्याच्या शैलीवरून शहर ठरवायला जाऊ नका.

## ४. बिरुदं मोजा

चित्राच्या भोवती लांबच लांब मजकूर असेल तर तो बहुधा बढाया आहे. त्या नीट वाचा, कारण सत्ता आणि अस्मिता यांची गाठ इथेच पडते.

रोमच्या आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, तीन मोठी शहरं होती: एफेसस, स्मिर्ना, पर्गामम. तिघांनाही 'आशियात पहिले' म्हणवून घ्यायचं होतं. स्मिर्नाच्या कॅराकॅलाच्या काळातल्या नाण्यावर मजकूर आहे: स्मिर्नाकरांचं, आशियात पहिल्या, सौंदर्यानं आणि आकारानं, तीन वेळा नेओकोरोस. एवढं सगळं एका नाण्यावर! एफेससही त्याच काळात 'आशियात पहिले' असं कोरत होतं.

नेओकोरोस हा मान शहराला आपण होऊन घेता येत नसे. सम्राटासाठी प्रांतीय मंदिर बांधायची परवानगी रोमकडून मिळावी लागे. टायबेरियसच्या मंदिरासाठी अकरा शहरं सेनेटपुढे भांडली आणि इ.स. २६ मध्ये स्मिर्ना जिंकलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय. पुढे 'दोनदा', 'तीनदा' असे आकडे चढत गेले. नाण्यावर ते ग्रीक अंकात येतात: बीटा म्हणजे दोन, गामा म्हणजे तीन. हा आकडा काळ ठरवायला फार उपयोगी पडतो. पर्गामम ट्रेजनच्या काळात दुसऱ्यांदा नेओकोरोस झालं आणि कॅराकॅलाच्या काळात तिसऱ्यांदा. तेव्हा त्याच्या नाण्यावर गामा दिसला तर ते कॅराकॅलाच्या आधीचं असू शकत नाही. एफेससनं एलागाबालसच्या काळात चौथा मान मिरवला, इ.स. २२२ मध्ये त्याचा खून झाला आणि एफेसस मुकाट्यानं परत तीनवर आलं. मान देणारा गेला की मानही जातो.

ही भांडणं सम्राटापर्यंत जात. एफेससनं अँटोनायनस पायसकडे तक्रार केली होती की पर्गामम आणि स्मिर्ना आपल्या पत्रांत आमची बिरुदं नीट लिहीत नाहीत. सम्राटाचं उत्तर शिलालेखात टिकून आहे. पर्गामम बरोबर लिहितं, स्मिर्नाकडून अनवधानानं राहून गेलं, पुढे ते नीट लिहितील, तुम्हीही त्यांची नीट लिहा. जगावर राज्य करणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे कागद येत होते.

बिथिनियात निकाइया आणि निकोमेडिया यांचं असंच होतं. 'पहिलं' हे बिरुद कोणाचं, यावरून. वक्ता दिओ ख्रिसोस्तोम यानं निकोमेडियाच्या लोकांना तोंडावर सुनावलं की या पोकळ नावांसाठी भांडता आणि रोमन लोक तुम्हाला हसतात. कोणी ऐकलं नाही. इ.स. १९३ मध्ये सम्राटपदासाठी युद्ध पेटलं तेव्हा निकोमेडियानं सेप्टिमियस सेव्हेरसची बाजू घेतली आणि म्हणून निकाइयानं त्याच्या शत्रूची, पेसेनियस नायजरची. सेव्हेरस जिंकला. निकाइयाचं 'पहिलं' गेलं. दोन्ही शहरांची त्याआधीची आणि नंतरची नाणी शेजारी ठेवून पाहा.

सलोख्याची नाणी, म्हणजे होमोनोइया लिहिलेली, याच चित्राची दुसरी बाजू. दोन शहरांच्या देवता हात मिळवताना दिसतात. जिथे हात मिळवल्याचं नाण्यावर छापावं लागतं तिथे आधी काय चाललं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

आणि एक सापळा: मोकळ्या जागेत कोरलेली सुटी अक्षरं. किलिकियातल्या टार्ससच्या नाण्यावर आल्फा-म्यू-काप्पा दिसलं तर ते वर्ष नव्हे, 'पहिलं, सर्वांत मोठं, सर्वांत सुंदर' याचं लघुरूप आहे. तिकडे मार्कियानोपोलिसच्या नाण्यावरचा सुटा एप्सिलॉन म्हणजे किंमत: पाच असारिया. आकडा, वर्ष की बढाई, हे शहरावरून ठरतं.

## ५. सम्राट कोणता?

आता पुढची बाजू. चेहरा आणि मुद्रालेख दोन्ही जुळवा. एकावर विसंबू नका.

सर्वांत मोठा सापळा नावाचा. 'मार्कोस ऑरेलिओस अँटोनिनोस' असं वाचलंत की आनंदानं मार्कस ऑरेलियस लिहून मोकळे होऊ नका. कॉमोडस, कॅराकॅला आणि एलागाबालस यांनीही हेच नाव लावलं. दाढी पूर्ण आणि कुरळी असेल तर मार्कस ऑरेलियस किंवा कॉमोडस; आखूड दाढी आणि कपाळाला आठ्या असतील तर कॅराकॅला; गुळगुळीत कोवळा चेहरा असेल तर एलागाबालस किंवा लहानपणीचा कॅराकॅला. अशा वेळी नेओकोरोसचा आकडा आणि अधिकाऱ्याचं नाव निर्णय देतात.

अधिकाऱ्याच्या नावातही एक किल्ली आहे. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅलानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मुक्त लोकांना नागरिकत्व दिलं, आणि नव्या नागरिकांनी त्याचं कुळनाव घेतलं. त्यामुळे 'एपी' नंतर 'आउर' म्हणजे ऑरेलिओस आलं, तर नाणं बहुधा २१२ नंतरचं.

अँटिनोअसचा चेहरा दिसला तर जरा थांबा. हेड्रियनचा हा प्रियकर इ.स. १३० मध्ये नाईलमध्ये बुडून मेला. रोमच्या टाकसाळीनं त्याचं एकही नाणं पाडलं नाही. पाडली ती पूर्वेच्या शहरांनी. स्मिर्नाच्या नाण्यावर तर 'पोलेमोननं स्मिर्नाकरांना अर्पण केलं' असं स्पष्ट कोरलंय. हा पोलेमोन नामांकित वक्ता, हेड्रियनच्या मर्जीतला. शहरासाठी सम्राटाकडून काही पदरात पाडून घ्यायचं तर त्याच्या दुःखात सामील होणं हा चांगला मार्ग होता.

## ६. सम्राटच नसेल तर

पुढे देव, नगरदेवता, 'पवित्र सेनेट' किंवा दाढीवाला देमोस, म्हणजे जनता, असेल तर नाणं रोमपूर्व काळातलं आहे असं नवखे लोक धरून चालतात. तसं नसतं. रोमन काळातही अनेक शहरांनी, विशेषतः छोट्या किमतीच्या नाण्यांवर, सम्राट वगळला. अथेन्सनं तर आपल्या नाण्यांवर सम्राटाचा चेहरा कधीच घेतला नाही, खिओसनंही नाही, आणि त्यांना कोणी शिक्षा केल्याचं दिसत नाही. चेहरा छापा असा रोमचा सरसकट हुकूम नव्हता. बाकीच्यांनी छापला तो बहुतेक स्वखुशीनं आणि हिशेबानं.

## ७. वर्ष काढणं

बहुतेक शहरांनी वर्ष लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्यात अलेक्झांड्रिया सर्वांत सोपं: इंग्रजी एलसारखी खूण आणि पुढे ग्रीक अंक, म्हणजे सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष. फक्त इजिप्तचं वर्ष २९ ऑगस्टला सुरू होई. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ ला गादीवर आला, म्हणून त्याचं पहिलं वर्ष अठराच दिवसांचं. २९ ऑगस्टपासून दुसरं. त्याचं वर्ष १८ म्हणजे इ.स. १३३-१३४.

अलेक्झांड्रियाला इतर शहरांच्या पंक्तीत बसवू नका. ती राज्याची टाकसाळ होती. तिची नाणी इजिप्तमध्येच चालत आणि बाहेरची आत चालत नसत. तरीही तिच्यावर नाईल आहे, सेरापिस आहे, फारोसचं दीपगृह आहे. काही नाण्यांवर नाईलदेवाजवळ १६ चा अंक दिसतो. तो वर्षाचा नव्हे, पुराच्या पाण्याचा आहे: सोळा हात पाणी चढलं की पीक भरघोस.

सिरियात वेगवेगळे शक होते. सेल्युकिद शक इ.स.पू. ३१२ पासून, पॉम्पीचा इ.स.पू. ६४-६३ च्या आसपास, अँटिओकचा सीझरचा शक इ.स.पू. ४९ पासून. शहर आधी, शक नंतर, वजाबाकी शेवटी.

ज्युडियातली पाँटियस पायलेटची छोटी नाणी टायबेरियसच्या वर्ष १६, १७ आणि १८ ची, म्हणजे इ.स. २९ ते ३२. ज्यूंना माणसाचा चेहरा चालत नाही म्हणून त्यानं चेहरा टाळला, पण रोमन पुजाऱ्यांची वाकडी काठी आणि पळी कोरली. अर्धवट समजूतदारपणा.

## ८. खोडलेलं, कापलेलं, पुन्हा छापलेलं

नाण्यावर ओरखडे, खड्डे, दुसरा छोटा शिक्का दिसला की 'खराब' म्हणून बाजूला टाकू नका.

स्पेनमधल्या बिल्बिलिसनं इ.स. ३१ मध्ये टायबेरियस आणि त्याचा उजवा हात सेजानस यांच्या संयुक्त कॉन्सलपदाचं नाणं पाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेजानसला गळा आवळून मारण्यात आलं. आज सापडणाऱ्या अनेक नगांवर त्याचं नाव तासून काढलेलं आहे. कॅरियातल्या स्ट्रॅटोनिकेयाच्या नाण्यांवर कॅराकॅलाच्या समोरचा गेटाचा चेहरा असाच घासून टाकलेला, कारण कॅराकॅलानं भावाला मारलं होतं. नावं पुसायची ही घाई रोमपासून शेकडो कोस दूर चालली होती.

आणि आता बंड. इ.स. १३२ ते १३६ मध्ये बार कोख्बाच्या ज्यू उठावात नवी चांदी कुठून आणणार? चलनातली रोमन नाणी, त्यांत अँटिओककडची मोठी चांदीची नाणीही, घेऊन त्यांच्यावरच नवे ठसे मारले: मंदिराची दर्शनी बाजू, जुनी हिब्रू लिपी, जेरुसलेमच्या स्वातंत्र्याचा मजकूर. ठसा नीट बसला नाही तिथे खालून सम्राटाचं नाक किंवा मुद्रालेख डोकावतो. भिंगाखाली तो शोधताना वेळेचं भान राहत नाही. उठाव मोडला. जेरुसलेमच्या जागी हेड्रियननं वसवलेल्या एलिया कॅपिटोलिनाच्या नाण्यावर सम्राट नांगर धरून नव्या शहराची हद्द आखताना दिसतो.

आपल्याकडेही याच जातीचा पुरावा आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला आहे, खाली नहपानाची ग्रीक अक्षरं अजून दिसतात. पुनर्मुद्रण ओळखायला शिकायचं असेल तर ती छायाचित्रंही सरावाला घ्या.

फ्रान्समधल्या नीमची, जुन्या नेमाउसुसची, मगर आणि ताडाची नाणी अर्धी कापलेली मिळतात. सुट्ट्या पैशांची टंचाई. यापलीकडे त्यात काही शोधू नका.

बऱ्याच कांस्य नाण्यांच्या मधोमध छोटा गोल खळगा असतो. तोही नुकसान नव्हे. चकती तयार करतानाची खूण आहे.

## ९. जुळवणी

आता आरपीसी ऑनलाइन उघडा. शहर, सम्राट, मागचं चित्र या क्रमानं गाळणी लावा. मुद्रालेखाचा वाचता आलेला तुकडाही टाकून पाहा. वजन आणि व्यास जुळतात का ते बघा, पण काटेकोर आग्रह धरू नका. कांस्य नाणी एकेक तोलून पाडलेली नसत, त्यामुळे एकाच ठशाच्या दोन नाण्यांत चांगला फरक असतो.

ठशांची दिशा नोंदवा: नाणं वरच्या-खालच्या कडेला धरून डावी-उजवीकडे उलटलं तर मागचं चित्र सरळ येतं की उलटं? सरळ म्हणजे बारा वाजले, उलटं म्हणजे सहा. अलेक्झांड्रिया आणि सिरियात बहुधा बारा, आशिया मायनरमध्ये बहुधा सहा.

## १०. विकत घ्यायचंच असेल तर

भारतात सापडलेली सोन्या-चांदीची रोमन नाणी बहुतांश सम्राटांच्या मोठ्या टाकसाळींची, ऑरियस आणि दिनारियस आहेत. व्यापारात तीच इकडे येत. त्यामुळे 'आमच्या शेतात सापडलं' म्हणून कोणी आशिया मायनरचं कांस्य नाणं पुढे केलं तर नमस्कार करून निघा.

तुर्कस्तानात फिरायला गेलात तर एफेससच्या अवशेषांजवळ कोणी खिशातून 'जुनी नाणी' काढून दाखवील. ती नकली असतात किंवा बेकायदा. तिथला कायदा पुरावस्तू देशाबाहेर नेण्याबाबत कडक आहे; विमानतळावर बाजू मांडत बसायची वेळ आणू नका.

आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंची विक्री हा व्यवसाय करायला परवाना लागतो. परदेशातल्या लिलावातून मागवण्याआधी कस्टम्सचा ताजा नियम लेखी विचारून घ्या. तिकडे राहणाऱ्यांनी त्या देशाचा नियम पाहावा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- विक्रेत्याचं पूर्ण नाव असलेलं बिल
- आधीचा मालक किंवा जुना लिलाव यांची माहिती, जेवढी मिळेल तेवढी
- खरेदीच्या वेळची दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रं
- विक्रेत्याचा परवाना क्रमांक, भारतात घेतलं असेल तर

नकली ओळखताना कड आधी बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरं साबणासारखी मऊ. दोन नाण्यांची झीज आणि कडेची चीर तंतोतंत सारखी दिसली तर दोन्ही सोडा. दुसरा प्रकार जास्त कपटी. नाणं खरं असतं, पण झिजलेले तपशील नव्यानं कोरलेले. अक्षरांच्या कडा धारदार आणि शेजारचा चेहरा गुळगुळीत, असं दिसलं की सावध व्हा. अँटिनोअसच्या बाबतीत दुप्पट सावध.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. जुनी हिरवी-तपकिरी पुटं म्हणजे मळ नव्हे. ती गेली की तपशीलही जातात. मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली आणि झटकल्यावर परत आली तर तो कांस्याचा रोग आहे. ते नाणं इतरांपासून वेगळं करा, डबीत सिलिका जेल टाका आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

पुस्तकं चाळायची असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. आधी फोन करून जा.

## ११. नोंद लिहा

प्रत्येक नाण्यासाठी एक चिठ्ठी. नमुना असा:

- शहर, प्रांत, आजचं ठिकाण: विमिनाकियुम, मोइसिया सुपीरियर, कोस्टोलाक (सर्बिया)
- सम्राट: गॉर्डियन तिसरा
- वर्ष: शहराचं पहिलं, इ.स. २३९-२४०
- पुढे: सम्राटाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, मुद्रालेख जसा वाचता आला तसा
- मागे: बैल आणि सिंहामध्ये उभी स्त्री, खाली वर्ष
- धातू, वजन, व्यास, ठशांची दिशा
- आरपीसी क्रमांक
- कुठून, कधी, किती किमतीला

मुद्रालेखातली न वाचता आलेली अक्षरं चौकटी कंसात ठिपक्यांनी दाखवा. संदर्भावरून भरलेलं अक्षर असेल तर तेही त्याच कंसात लिहा, म्हणजे नाण्यावर काय आहे आणि तुम्ही काय भरलंत हे पुढच्या वाचणाऱ्याला वेगळं कळेल.